नंबर बावीसचा होता

‘पाणी पी’ यात कसली आली सांकेतिक भाषा, हे मला आधी कुणीतरी समजावून सांगा.

जूनचा पहिला आठवडा, ओहायो, ब्याण्णव डिग्री फॅरनहाइट ऊन. छोट्या कॉलेजांच्या बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, शेवटच्या दोन टीम आणि तीन मॅचची फायनल. माझा मुलगा कुश आमच्या टीमचा कॅचर. कॅचर म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर चिलखत, आणि पिचरने फेकलेला बॉल झेलायचा. असं तीन तास. त्याच्या पाठीमागे उंच नेट असतं आणि नेटमागे पहिल्या रांगेत मी. आता आई काय ओरडेल? मी ओरडले, "कुश, पाणी पी रे!" एकदा नाही, वीस वेळा ओरडले असेन. पोरगं पाणी पीत नाही, लहानपणापासूनची खोड आहे.

पहिली मॅच आम्ही हरलो, दुसरी जिंकलो. दुसरी हरल्यावर समोरच्या निळ्या जर्सीवाल्यांनी तक्रार केली. नेटमागची एक बाई परक्या भाषेत कॅचरला खुणा देते आणि वहीत कोडमध्ये काहीतरी लिहिते. बाई म्हणजे मी. परकी भाषा म्हणजे मराठी. कोड म्हणजे माझ्या वहीतले एक, दोन, तीन, चार. आणि ‘पाणी पी’ म्हणजे कर्व्हबॉल, हवेत वळणारा बॉल टाकायचा, असं त्यांच्या कोचने दिलं होतं. लेखी!

स्पर्धेच्या ऑफिसातला एक माणूस, गळ्यात कार्ड अडकवलेला, माझ्या वहीच्या पानाचा फोटो काढून घेऊन गेला. जाताना त्याने विचारलं, "हे चिन्ह काय आहे?"

"सात," मी म्हटलं.

"आणि हे?"

"आठ. तुमच्याकडे नसतो का आठ?"

तो हसला नाही. या लोकांना मी विनोद केला की कळत नाही आणि मी चिडले की विनोद वाटतो.

वहीचं सांगायला हवं. मी मूळची सांगलीची. लग्नाआधी सहा वर्षं जिल्ह्यातल्या खो-खोच्या सामन्यांना गुणलेखक होते. गुणलेखक म्हणजे मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसायचं आणि कोण कितव्या नंबरला पळायला उतरलं, किती सेकंदं टिकलं, कुणी बाद केलं, ते सगळं कागदावर घ्यायचं. खो-खोत पळणाऱ्यांचा क्रम आधी लिहून द्यावा लागतो. तिघं बाद झाले की पुढचे तिघं, त्याच क्रमाने. कुणी नंबर सोडून आत घुसला आणि समोरच्यांनी हरकत घेतली की गेला बाद. अशी घुसखोरी मी दोनदा पकडली होती. एकदा तर कुपवाडच्या मैदानावर पोरांनी टेबल उलटं केलं. कागद मी पदराखाली धरून ठेवला होता.

अमेरिकेत, पार्सिपनीला आले तेव्हा कुश सात वर्षांचा होता. गुरुनाथ, माझा नवरा, सकाळी सातला ऑफिसला जायचा आणि मला व्हिसाने काम करायची बंदी. शाळेच्या मैदानावर कुशने पहिल्यांदा बेसबॉल खेळला त्या दिवशी मी वही काढली. डिक्शनरी घेऊन नियमांचं पुस्तक वाचलं, अख्खं, दोनदा. तेव्हापासून कुशची एक मॅच माझ्या वहीत नाही असं झालेलं नाही. आकडे मराठी, नावं मराठी. माझा हात तसाच चालतो, त्याला मी काय करू?

तर तिसऱ्या मॅचच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला कोच डोनेली आमच्या टेबलाशी आला. कुश वॉफल खात होता. कोच बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"मिसेस गोलाप," तो म्हणाला. चौदा वर्षांत एकाला घोलप म्हणता आलेलं नाही. "आज तुमच्याकडून इंग्लिशशिवाय दुसरा शब्द ऐकू आला तर कुश बेंचवर बसेल. मला कटकट नकोय."

"हे कुठल्या नियमात लिहिलंय?" मी विचारलं.

"माझ्या."

"पुस्तकातला नंबर सांगा. मी वाचलंय पुस्तक."

गुरुनाथने टेबलाखालून माझा पाय दाबला. कोचने कुशकडे बघितलं आणि निघून गेला. कुशने काटा खाली ठेवला.

"आई, प्लीज. जस्ट वन गेम."

"तुला माझी लाज वाटते का रे?"

"नो! गॉड. आय जस्ट वॉन्ट टू प्ले, आई. तीन वर्षं वेट केलंय."

खरं होतं. पहिलं वर्ष त्याने बेंचवर काढलं, दुसरं वर्ष बोट मोडून. सकाळी पाचला उठून जिममध्ये जायचा. या कॉलेजची टीम इथवर कधी आलीच नव्हती. मी म्हटलं, "बरं. तोंड शिवून बसते. शब्द दिला तुला. पण वही नेणार."

"वही ओके," कुश म्हणाला. "वही इज म्यूट."

पार्किंगमध्ये बाळ काका भेटले. बाळ काका वेस्ट विंडसरचे, भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर्ड. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास या देशात आले. कुशला बॅट धरायला त्यांनीच शिकवलं. खास फायनलसाठी आले होते, डोक्यावर आमच्या कॉलेजची हिरवी टोपी.

"शुभा, ऐक माझं," ते म्हणाले. "मी पन्नास वर्षं काढली इथे. कधी आवाज केला नाही. म्हणून सगळं नीट झालं."

"म्हणून तुमचा आवाज कसा आहे तेही कुणाला माहीत नाही, काका."

"शुभा!" गुरुनाथ ओरडला. "काकांशी असं बोलतात?"

"बोलू दे रे," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं तरी शब्द मागे घेतला नाही.

गुरुनाथ गाडीचं दार लावता लावता हळूच म्हणाला, "आपलं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही, शुभा. कुशचाही आता स्टुडंट व्हिसा आहे. कुठे नाव नको यायला."

"पाणी पी म्हटल्याबद्दल?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

कळत होतं. म्हणूनच जास्त राग येत होता.

मॅच दुपारी एकला सुरू झाली. मी बसले. वही मांडीवर, पेन्सिल हातात, तोंड बंद. आजूबाजूचे हिरवे पालक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. एक आजोबा अंपायरच्या आईपर्यंत पोचले. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. त्यांनी शिवी इंग्लिशमध्ये दिली होती ना.

तिसऱ्या इनिंगला कुशच्या गुडघ्यावर बॉल बसला. तो खाली पडला. माझ्या तोंडात ‘बाळा’ आलं आणि मी ते गिळलं. पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं. तो उठला, लंगडत दोन पावलं चालला, आणि नेटकडे वळून माझ्याकडे बघितलं. रोज असं काही झालं की मी ओरडायची. आज काही ऐकू आलं नाही म्हणून त्याने बघितलं असेल. मी नुसती मान हलवली. आईने मान हलवायची! पोराला लागलंय आणि आई नंदीबैल!

सातव्या इनिंगनंतर आम्ही तीन, ते दोन. आठव्या इनिंगला त्यांची फील्डिंग आली तेव्हा त्यांच्या कोचने दोन खेळाडू बदलले. अंपायरला सांगितलं. अंपायरने खिशातलं कार्ड काढून लिहिलं आणि लाउडस्पीकरवर आलं: बावीस नंबरची जर्सी, लेफ्ट फील्ड, बॅटिंगला सहावा. आठ नंबरची जर्सी, सेकंड बेस, बॅटिंगला सातवा. मी लिहून घेतलं. सहाच्या पुढे २२, सातच्या पुढे ८. कुठे काही विशेष नव्हतं.

नवव्या इनिंगला, म्हणजे शेवटच्या इनिंगला, ते बॅटिंगला आले. एक धाव केली तर बरोबरी, दोन केल्या तर आमच्या पुढे. यादीतल्या दुसऱ्यापासून सुरुवात. पहिला आलेला आउट. दुसऱ्याने बॉल मारला आणि पहिल्या बेसवर पोचला. तिसऱ्याला फुकटचा बेस मिळाला. चौथा आउट झाला, पण तेवढ्यात बेसवरचे दोघं एकेक बेस पुढे सरकले. दोन आउट, दोन माणसं बेसवर, आणि पाळी यादीतल्या सहाव्याची.

बॅट घेऊन आला तो आठ नंबरची जर्सी घातलेला.

माझी पेन्सिल थांबली. मी वहीत बघितलं. मैदानात बघितलं. पुन्हा वहीत बघितलं.

"काय झालं?" गुरुनाथने विचारलं.

"नंबर बावीसचा होता," मी कुजबुजले. "आठ आलाय."

बाळ काकांनी वहीत डोकं घातलं. चष्मा वर केला, खाली केला. "लाउडस्पीकरवर काय सांगितलं होतं, नक्की ऐकलंस?"

"काका, सहा वर्षं मी हेच केलंय."

"अरे मग सांगा अंपायरला!" गुरुनाथ उठायला लागला.

"बस खाली!" काका आणि मी एकदम म्हणालो.

कारण इथेही अगदी खो-खोसारखंच आहे. आधी बोंब मारली की ते चूक सुधारतात, बावीसला आणून उभा करतात, आणि सगळं फुकट. आठ नंबरची बॅटिंग पुरी होऊ द्यायची. मग पुढच्या बॅटरला पहिला बॉल पडायच्या आत मैदानातल्या टीमने हरकत घ्यायची. तो एक बॉल पडला की चूक माफ, आठाचं सगळं पवित्र. अंपायरच्या खिशात कार्ड आहे, त्याला दिसतंय, पण त्याने स्वतःहून बोलायचं नाही असा नियम आहे. आणि आमच्या बेंचवर स्कोअर टॅबलेटवर घेतात. टॅबलेटमध्ये कुणीतरी दोन नावं वरखाली टाकली असली की संपलं, टॅबलेट काय शंका काढत नाही.

म्हणजे त्या सगळ्या मैदानात ही गोष्ट तोंडाने बोलू शकणारी माणसं तीन. त्यातल्या एकाला भीती, एकाला सवय नाही, आणि एकीने शब्द दिलेला.

मी मनात म्हटलं, होऊ दे हा आउट. तीन आउट झाले की मॅच संपली, आम्ही जिंकलो, वही मिटायची.

आठाने दुसराच बॉल असा हाणला की तो उजव्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला लागला. बेसवरचे दोघंही घरी, म्हणजे होम बेसवर, पोचले. चार-तीन. निळी माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली. आमचा पिचर डोक्याला हात लावून उभा. आणि बावीस नंबर बॅट फिरवत यायला लागला.

भिंतीवर मोठं घड्याळ आहे. पिचरने वीस सेकंदांत बॉल टाकायचा. वीस. एकोणीस.

मी उभी राहिले आणि आधी कोचचा नियम पाळला. इंग्लिशमध्ये ओरडले. "राँग बॅटर! अपील! राँग बॅटर!" माझं इंग्लिश काही वाईट नाही. पण तेव्हा चार हजार माणसं इंग्लिशमध्ये ओरडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "सिट डाउन, लेडी, इट्स ओव्हर." आमचा कोच वीस हातांवर, त्याने वळूनही बघितलं नाही. कुशची पाठ माझ्याकडे. तो खाली बसायला लागला होता.

बारा. अकरा.

माझी वही चुकली असली तर? ऐकण्यात गफलत झाली असली तर? कुश बेंचवर जाईल, कॉलेजभर हसं होईल, तीन वर्षांचं पाणी होईल, आणि ते मी केलेलं असेल. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. मग वहीत बघितलं. सहाच्या पुढे २२. माझाच हात. या हाताने लिहिलेला कागद मी कुपवाडला टेबल उलटं झालं तरी सोडला नव्हता.

पिचरने पाय मागे घेतला.

"कुश!" मी नेटला दोन्ही हातांनी धरून ओरडले. "नंबर चुकला! बावीसचा नंबर होता, आठ खेळून गेला! बॉल टाकू देऊ नको!"

आमच्या घरात पत्ते खेळताना, सापशिडी खेळताना, नळावर हात धुताना एकच नियम होता, नंबर चोरायचा नाही. कुश पाच वर्षांचा असताना रडून रडून हे म्हणायचा, "आई, बाबांनी नंबर चोरला!" चार हजार माणसांत त्याच्या कानात शिरेल असा आवाज एकच होता.

तो ताडकन उभा राहिला. हात वर. "टाइम!"

अंपायरने दोन्ही हात वर केले. पिचर अर्ध्यातच थांबला, पडता पडता वाचला. घड्याळ चारवर.

कुशने तोंडावरची जाळी वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याने एकच विचारलं, "शुअर?"

"लिहिलंय!" मी वही नेटला लावली. त्याला मराठी वाचता येत नाही धड, पण आकडे येतात. रविवारच्या मराठी शाळेतून तेवढंच घेऊन आला होता.

तो अंपायरकडे वळला. त्याच वेळी कोच डोनेली धावत बाहेर आला. त्याचं बोट माझ्याकडे, तोंड लाल. "आउट! कुश, यू आर आउट ऑफ द..." आणि कुश शांतपणे म्हणाला, "कोच, दे बॅटेड आउट ऑफ ऑर्डर. आय अॅम अपीलिंग."

कोचचं बोट हवेतच राहिलं.

अंपायरने खिशातून कार्ड काढलं. दुसऱ्या अंपायरला बोलावलं. मग तिसऱ्याला. निळ्यांचा कोच आला, आपल्या खिशातला कागद काढला, बघितला, आणि तोच सगळ्यात आधी बेंचकडे परत फिरला. चार हजार माणसं काय चाललंय ते न कळून बसली. मला कळत होतं. मी उभीच होते.

अंपायरने बावीसकडे बघून मूठ वर केली. ज्याचा नंबर होता तो आउट. दोन्ही धावा रद्द. तीन आउट. तीन-दोन. मॅच संपली.

पुढचा गोंधळ सांगत नाही, सगळीकडे सारखाच असतो. हातमोजे हवेत, पोरं एकावर एक. गुरुनाथ रडत होता आणि मी रडत नाही म्हणून मला धरून हलवत होता.

अर्ध्या तासाने गळ्यात कार्डवाला तोच माणूस आला. बरोबर कोच डोनेली, आता दात काढून. मागे कुश, अंगभर माती. निळ्यांनी निषेध नोंदवला होता: बाहेरून परक्या भाषेत सूचना दिली गेली. कार्डवाल्याने फॉर्म पुढे केला. घडलं ते लिहून सही करायची.

"काही प्रॉब्लेम नाही," कोच म्हणाला. "मिसेस गोलाप, तुम्ही ‘नंबर’ म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं. नंबर इज इंग्लिश! इंग्लिशमध्ये सूचना दिली, एवढंच लिहा."

गुरुनाथ माझ्या कानाशी आला. "लिही ना. खोटं थोडंच आहे? आधी इंग्लिशमध्ये ओरडलीच होतीस की."

"आधी ओरडले ते कुणी ऐकलं नाही," मी म्हटलं. मग कोचला म्हटलं, इंग्लिशमध्येच, त्याला कळावं म्हणून, "बाहेरच्या माणसाने ओरडायचं नाही असा या खेळात नियम नाही. मराठीत ओरडायचं नाही असाही नाही. तो तुमचा नियम होता. तुमचा नियम मी मोडला. आणि नंबर शब्द आमचा आहे. तुमच्याकडे नंबर लागत नाही, नंबर चोरता येत नाही, नंबर हुकत नाही. मी मराठीत ओरडले."

कोचचे दात आत गेले. "कुशला अजून एक वर्ष खेळायचंय," तो हळू म्हणाला. "विचार करा."

मी कुशकडे बघितलं. शब्द त्याला दिला होता, मोडला होता तोही त्याचाच. आता ठरवायचं त्याने.

कुशने बाहीने तोंड पुसलं. माती आणखी पसरली. "आय हर्ड इट इन मराठी, कोच," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, मोडक्यातोडक्या मराठीत पण मोठ्या आवाजात, "लिही, आई. जसं झाला तसं."

"झालं तसं," बाळ काकांनी दुरुस्त केलं. आणि खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. त्यांचं जुनं, जाड निबाचं पेन, कुणाला हात लावू देत नाहीत ते. "पेन्सिलीने नको," ते म्हणाले. "पेन्सिल खोडता येते."

मी फॉर्म नेटच्या खांबावर टेकवला आणि लिहिलं. नवव्या इनिंगमध्ये नंबर २२ चा होता. ८ खेळून गेला. मी मुलाला मराठीत सांगितलं. शुभा घोलप, गुणलेखक.

कार्डवाल्याने कागद घेतला, आडवा धरला, उभा धरला.

"मॅडम, हे मला वाचता येत नाही."

"मग वाचता येणारा शोधा," मी म्हटलं, आणि कुशच्या हातात पाण्याची बाटली दिली.